चंद्राआक्का, तुझी चिलीम आणि भाभीच्या बाटल्या

आक्का, आधी मीराभाभीचं नाव घेते.

तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळ्यांची नावं घेतली गेली. डॉक्टरांचं, विहाराच्या मंडळाचं, तुझ्या भावाचं, मंडप ज्यानं फुकट घातला त्याचंसुद्धा. उल्हासनगरच्या मेडिकलवाल्या मीराभाभीचं नाव कुणी घेतलं नाही. ती आली होती. चपला काढतात तिथं, अगदी मागं, भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर पांढरी ओढणी, मांडीवर शेवंतीचा हार. हार घालायला पुढं ये म्हणून तिला कुणी म्हटलं नाही. उलट आपल्या आळीतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडं बघून घेतलं, ही कशाला आली म्हणून. आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी अर्धी उठले. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, तुला माहीत आहे. बसले खाली.

म्हणून हे लिहून काढतेय. मंडळाची पोरं तुझ्या नावानं छोटी स्मरणिका काढणार आहेत. काकी, तुम्ही लिहा, शुद्धलेखन आम्ही बघतो, म्हणाले. तुझा जन्म कुठला, मुंबईकडं कधी आलीस, खानावळ कधी काढलीस ते सगळं बाकीचे लिहितील. मी सातवीतून शाळा सोडलेली बाई, मला जे येतं ते लिहिते. हे वाचून तू रागावशील असं सारखं वाटतंय. आमच्या घरातूनही, मेलेल्या माणसाचं कशाला काढतेस, असं ऐकून झालंय. पण तूच अर्धं सांगून गेलीस, आक्का. उरलेलं अर्धं माझ्याच गळ्यात अडकलंय.

मी हिंगोलीकडून आले तेव्हा अंबरनाथ पूर्वेला आमची कुणाशीच ओळख नव्हती. ह्यांना कंपनीत ठेकेदाराकडं काम, तेही आज आहे तर उद्या नाही. घरात बसून मला भीतीच वाटायची. नळावर तू पहिल्यांदा विचारलंस, "कोणच्या गावची गं तू?" मी गाव सांगितलं. "मग भाकरी येत आसंल," म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी मी तुझ्या खानावळीत परातीसमोर बसलेली होते. कंपनीची पोरं जेवायला यायची. तुझा एक नियम होता: ताटावर बसला त्याला पोटभर. पगार अडकला म्हणून कुणाला कमी वाढायचं नाही, आणि लाडका आहे म्हणून कुणाला जास्त नाही. एकदा मी आमच्या गावाकडच्या एका पोराला बोंबलाची चटणी जरा जास्त वाढली, तर सगळ्यांसमोर म्हणालीस, "सासरा हाय का तुझा?" महिनाभर ती पोरं मला त्याच्यावरून चिडवत होती.

आणि ती भुशाची शेगडी. ती भरायला तूच शिकवलंस. मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातनं दुसरी आडवी सारायची, भोवतीनं भुसा मुठीनं ठोकत आणायचा, मग दोन्ही बाटल्या अशा अलगद काढायच्या की भोक ढासळू नये. एकदा पेटली की दुपारपर्यंत बघायला नको. भुसा सुतारबाबा आणून द्यायचे. पालेगावला राहायचे, उल्हासनगरच्या फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारायचे, आणि येताना सायकलवर पोतं. बदल्यात एक वेळचं जेवण. रॉकेलच्या रांगेत उभ्या बायकांकडं बघून तू हसायचीस. आम्हाला काय गरज, म्हणायचीस. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातही पत्रा ठोकलेला, मांजर येतं म्हणून. दुपारी बाहेर आलो की आपल्या नाकातून काळं यायचं. आपण पदरानं पुसायचो.

रॉकेलचे जे पैसे वाचले ते असे छातीतनं वसूल झाले.

आधी तू चढावर थांबायला लागलीस. मग पीठ मळता मळता. डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता का. तुला इतका राग आला. "माझा बाप ओढत व्हता, नवरा ओढत व्हता, मी त्यांचा धूर बी पदरानं वारला," म्हणालीस. मग ते म्हणाले, चूल कसली आहे. तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. फुप्फुसं बरी होणार नाहीत, पण दम आवरता येईल, असं सांगून त्यांनी ते यंत्र लिहून दिलं. कॅप्सूल आत घालायची, यंत्र फिरवून फोडायची आणि भुकटी तोंडानं जोरात ओढायची. तू त्याला पहिल्या दिवसापासून चिलीम म्हणालीस. "आण गं माझी चिलीम," असं पोरांसमोर म्हणायचीस आणि पोरं हसायची. ओढली की घशाला जराशी गोडी लागते, ते तुला आवडायचं. "डॉक्टरनं गोड गांजा दिलाय," म्हणायचीस.

पण कॅप्सूल महाग पडायच्या. सरकारी दवाखान्यात त्या मिळायच्या नाहीत, बाहेरून आणा म्हणायचे. मग तुझी काटकसर सुरू. एक कॅप्सूल उघडून अर्धी आत्ता, अर्धी वाटीखाली झाकून संध्याकाळला. मी भांडायचे. म्हणायचे, आक्का, भाकरी अर्धी ठेवता येते, दम कसा ठेवायचा? तू म्हणायचीस, तुझी सातवी तुझ्याजवळ ठेव. हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. परवा तुझी खोली आवरताना वाटीखाली हात घालायचा धीर मला झाला नाही.

मग तुला भिशी सुचली. बायकांची भिशी तू चालवायचीसच. दवाखान्याच्या रांगेत तुला शाळेच्या बाई भेटल्या, बदलापूरला मांजर्लीत राहणाऱ्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, दम्याच्या. सुतारबाबांची छाती तर लाकडाच्या बारीक भुशानं तुझ्याआधीच गेलेली. तुम्ही तिघांनी ठरवलं, दर महिन्याला थोडंथोडं टाकायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर औषधाचा मोठा माल एकदम घाऊक भावानं उचलायचा, कारण पाऊस लागला की तिघांचाही दम वाढायचा. दम्याच्या औषधाची भिशी आमच्या आळीत काय, मी कुठंच ऐकली नव्हती. लोक भिशीतून फ्रिज घेत होते.

माल द्यायला घाऊकवाला तयार होईना, एवढ्याशा गिऱ्हाइकाला कोण विचारतो. उल्हासनगरला मीराभाभीच्या दुकानात आपण दोघी सहज गेलो होतो. नवरा आत औषधं काढायचा, गल्ल्यावर भाभी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी माझ्या मालाबरोबर मागवते, मला पडेल त्याच भावात तुम्हाला देईन. तुला खरंच वाटेना. बाहेर आल्यावर म्हणालीस, "उल्हासनगर हाय हे. कायतरी गोम आसंल." पुढं माल आल्यावर खोका हातात देताना भाभी एवढंच म्हणाली, "अदी, बाटली खोलायची नाय. एक खतम झाली की दुसरी खोलो." बहिणीला सिंध्यांत अदी म्हणतात. तू मान डोलावलीस. रस्त्यात मला म्हणालीस, तिला बाटल्या खपवायच्यात.

बाटल्या तिघांत सारख्या बसत नव्हत्या. शिवाय सुतारबाबांचे मधले महिने चुकलेले, आणि गरज त्यांनाच सगळ्यात जास्त. मग तुझा खानावळीचा नियम आला. ज्यानं कमी टाकलं त्याला कमी वाढायचं नाही. सगळ्या बाटल्या तू पिठाच्या परातीत उपड्या केल्यास. मी पेपरच्या पुड्या बांधायला बसले आणि तू मुठीनं वाटलंस, सगळ्यात मोठी पुडी सुतारबाबांची. प्रत्येक बाटलीतून एक इवलीशी पांढरी पुडी निघाली, तिच्यावर इंग्रजीत काहीतरी. शाळेच्या बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, खाऊ नये असं लिहिलंय. "खायचं न्हाई तर घालतेत कशाला," म्हणून तू त्या सगळ्या शेगडीत टाकल्यास. रिकाम्या बाटल्या धुऊन, वाळवून जिरं-मोहरी भरून ठेवलीस. किती खूश होतीस तू त्या दिवशी. बाईंनी चहाला जास्त साखर मागितली, सुतारबाबा म्हणाले, आक्का, तुम्ही आमदारकीला उभ्या राहा.

पाऊस लागला. भिंती घामेजल्या, अंथरुणं कुबट झाली, मांजर्लीला नदीचं पाणी बाईंच्या घराच्या उंबऱ्याला टेकून गेलं. एक दिवस तू चिलीम ओढून म्हणालीस, "आज गोड लागंना गं." मला वाटलं, तोंडाला चव नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तू एकाच्या जागी दोन ओढायला लागलीस, मग तीन. अर्धी वाटीखाली ठेवणारी तू. छाती तशीच वाजायची. डॉक्टर म्हणाले, आजार वाढलाय. आपण मान्य केलं. आजार वाढतोच ना.

पालेगावहून सुतारबाबांचा मुलगा सांगायला आला. बाबा गेले. पहाटे उठून बसले, पुडीतल्या कॅप्सूल एकामागून एक ओढत होते, आणि हातात यंत्र तसंच. तू जाऊन आलीस. चिखलातून चालत, चारदा थांबून. संध्याकाळी नळावर सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "डुप्लिकेट दिलं सिंधणीनं." उल्हासनगरचा माल म्हणजे नकली, असं लोक हसून म्हणतातच. त्या शब्दाला सिद्ध करावं लागत नाही. रात्रीपर्यंत आख्ख्या आळीला माहीत झालं.

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन दुकानात गेलीस. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. तू पुडी काउंटरच्या काचेवर आपटलीस.

"बाई, माणूस मेला आमचा. तुझ्या डुप्लिकेट मालानं मेला."

भाभीच्या हातात कुणाच्या तरी गोळ्यांची पट्टी होती, ती तिनं आधी त्या माणसाला दिली. मग पुडीकडं बघितलं. ओरडली नाही. "पुडी?" एवढंच म्हणाली. "मैंने तो बाटली दी थी, अदी."

तिनं पुडीतली एक कॅप्सूल घेतली आणि काचेवर उघडली. आतून खडा पडला. साबुदाण्याएवढा, पिवळट. नखानं दाबला तरी फुटेना. मग कपाटातून नवी बाटली काढली, तिचं सील तोडलं, एक कॅप्सूल उघडली. भुकटी अशी पडली, जसा चाळणीतून मैदा पडतो. बाटलीतली पांढरी पुडी तिनं बोटांत धरून दाखवली. "ये पानी पीता है," म्हणाली. "हवेतला पानी. बाटली बंद, तर दवा सुका."

आक्का, जन्मभर तू मीठ, साखर, पीठ पावसाळ्यातून सांभाळलंस. तुला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. तू त्या खड्यावर बोट ठेवलंस आणि हळूच म्हणालीस, "मिठावानी झालंय." आणि मग, फक्त मला ऐकू येईल असं, "मोठी पुडी मीच बांधायला लावली." मला आठवलं, आपल्या घरात त्या बाटल्यांमधलं जिरं भर पावसात खुटखुटीत होतं.

तिथंच तुझा दम कोंडला. ओठ निळे पडले, तू काउंटरला धरून खाली बसलीस. भाभीनं गिऱ्हाइकं बाहेर काढली, नवऱ्याला शटर ओढायला सांगितलं आणि रिक्षात तुला आपल्या अंगावर घेऊन बसली. रस्ताभर तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती. ज्या बाईनं तिला चारचौघांत खुनी म्हटलं, तिच्या पाठीवरून. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, औषध कुठून घेतलं, काय झालं. मी घाबरून भाभीकडं बघितलं. ती म्हणाली, बारिश में माल खराब हुआ. कुणाच्या हातानं, ते बोलली नाही.

सगळ्या पुड्या तिनं परत घेतल्या आणि बंद बाटल्या दिल्या. मांजर्लीला बाईंकडंही माणूस धाडला, त्यामुळे बाई वाचल्या असं मी मानते. पैशाचं विचारलं तर, बाद में देखेंगे. वाटणीचा तुझा हट्ट तिला कळला होता. तिनं झाकणाच्या लहान लहान रिकाम्या बाटल्या जमवून दिल्या, प्रत्येकीत ती पांढरी पुडी. "बाँटना है तो बाँटो," म्हणाली, "पण सुक्यात."

तू बरी होऊन आलीस. भिशी चालू राहिली. आणि आळीत मात्र 'डुप्लिकेट' हा शब्द तसाच राहिला.

यावरच आपलं खरं भांडण होतं, आक्का, अर्ध्या कॅप्सूलवरचं नव्हे. मी म्हणायचे, नळावर बोललीस, नळावरच सांग की माल चांगला होता. तू म्हणायचीस, सांगते. जयंतीला खिरीचा डबा माझ्या हाती भाभीकडं धाडायचीस आणि विचारायचीस, खाल्ली का तिनं? मी म्हणायचे, डब्यातनं कळत नाही, तोंडानं सांग. तू तोंड फिरवायचीस. आपल्या आळीतलं एकही गिऱ्हाईक तिच्या दुकानात जाईना. पालेगावातही तेच. ती कधी बोलली नाही. मला राग यायचा तुझा. पण हेही कळायचं की तो शब्द परत घ्यायचा म्हणजे पालेगावला जाऊन त्या पोराला सांगायचं, तुझ्या बापाची पुडी मी बांधायला लावली. ते तुला झेपत नव्हतं. त्या पोरानं हे वाचलं तर त्यानं एवढं लक्षात ठेवावं, की ती पुडी सगळ्यांत मोठी होती, आणि ती मायेनं मोठी केलेली होती.

त्याऐवजी तू काय केलंस ते मी बघितलंय. भिशीत पुढं आणखी माणसं आली. दर पावसाळ्यात तू एकेकाच्या घरी जायचीस. जिना असो, चिखल असो. मधे बसत, छाती धरत. आत गेल्यावर पाणीसुद्धा न मागता म्हणायचीस, बाटली दाखवा. झाकण घट्ट आहे का बघायचीस, कॅप्सूल बोटांत दाबून बघायचीस. लोकांना वाटायचं, म्हातारी चक्रम आहे. शाळेच्या बाई तुला हेडमास्तरीण म्हणायच्या. पुढं घरात गॅस आला, शेगडी भंगारात गेली, पण तुझ्या छातीला त्याचा काही उपयोग झाला नाही. ज्या जिन्यांनी तुझा उरलेला दम खाल्ला, त्यातल्या एकावरही तुला जायची गरज नव्हती.

ह्या थंडीत तू उठलीच नाहीस. दवाखान्यात नाकातोंडावर मास्क, बोलायला बंदी. मी उशाशी. तू मास्क हातानं खाली ओढलास आणि म्हणालीस, "भाभीला..." पुढच्या शब्दाला दम उरला नव्हता. मी मास्क पुन्हा लावला. तुला बोलू दिलं असतं तर बरं झालं असतं, की ते चार श्वास वाचवले ते बरं केलं, हे मला अजून ठरवता येत नाही. तुझं वाक्य मी किती प्रकारे पुरं करून बघितलं. भाभीला बोलाव. भाभीला खीर दे. पण तू काय म्हणत होतीस ते मला ठाऊक आहे.

मला परक्या गावात तू घर दिलंस, आक्का. माझ्या दोन्ही बाळंतपणात डिंकाचे लाडू तूच केलेस, माझी आई तिकडून पोचेपर्यंत. ह्यांचं काम सुटलं तेव्हा तीन ताटं आमच्या घरी न विचारता येत होती. तुझं काही वाईट लिहावं म्हणून हे लिहिलेलं नाही. नळावर लोक अजून म्हणतात, सिंधणीच्या औषधानं सुतारबाबा गेले. तुझ्या पुण्यानुमोदनात ती चपलांजवळ बसली, ती ह्यामुळं.

पंचशील संपल्यावर मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. हार तिनं माझ्या हातात दिला, फोटोला तू घाल म्हणाली. मी म्हटलं, भाभी, त्या वेळचं... तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "आक्का का मशीन धूप में सुखा के किसी गरीब को देना," म्हणाली. "बाटली के साथ." रिक्षा गेली. मी हार घेऊन तशीच उभी.

चिलीम वाळत ठेवलीय, आक्का. शाळेच्या बाईंच्या शेजारी एकाला हवी आहे, झाकण कसं लावायचं ते त्याला मीच जाऊन दाखवणार.

आणि हे छापून आलं म्हणजे फिटलं असं मी मानत नाही. तो शब्द छापलेला नव्हता, भरल्या दुकानात मोठ्यानं बोललेला होता. भाभी, तुम्हाला कुणी हे वाचून दाखवलं तर ऐकून ठेवा. आज माझा आवाज फुटत नाही. पण एक दिवस मी येईन, गिऱ्हाइकांची गर्दी असेल अशाच वेळेला येईन, त्याच काचेसमोर उभी राहीन, आणि आमच्या आक्काचा तो शब्द सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात परत घेईन.